पंप जरासा पुढे घ्या

डिझेल पिकअपच्या इंजिनात काय काय बिघडू शकतं त्याची यादी मोठी आहे. एअर फिल्टर तुंबतो, डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचतं, नोझल ठिबकतात, टाकीपासून येणाऱ्या नळीला बारीक चीर पडून एअर धरते, व्हॉल्व्हची गॅप वाढते, ब्रेक चिकटून राहतात. शिवाय सव्वा टनाच्या गाडीत मालक दोन टन भरतो ते वेगळंच. हे सगळं तपासून झालं की यादीच्या अगदी तळाशी नोझलला डिझेल पोचवणाऱ्या पंपाचं टाइमिंग येतं. पण नारायणगावात हायवेला एखादा पिकअप काळा धूर ओकत गॅरेजसमोर उभा राहू द्या, चहा यायच्या आत ही यादी उलटी झालेली असते. मिस्त्री बॉनेटची काडी लावतोय न लावतोय तोच मागून आवाज येतो, "पंप जरासा पुढे घ्या."

हा आवाज कोणाचा असतो ते कधीच कळत नाही. गॅरेजात दुरुस्तीला आलेली गाडी एक असली तरी माणसं सात-आठ असतात. त्यात एसटीतून निवृत्त झालेले एक आबा असतात. जन्मभर त्यांनी स्टिअरिंग धरलं आणि बॉनेट डेपोतल्या लोकांनी उघडलं, त्यामुळे इंजिनाबद्दलचं त्यांचं ज्ञान शुद्ध, म्हणजे हाताला ग्रीस न लागलेलं असतं. एक गुरुजी असतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेला मालकाचा भाचा असतो. शेजारच्या पंक्चरवाल्याला गिऱ्हाईक नसलं की तोही येतो. मालक बिचारा सांगत असतो, "चढाला दमच धरत नाही हो. लई धूर. अ‍ॅव्हरेजपण गेलं." यावर सगळे माना डोलावतात. धूर, दम आणि अ‍ॅव्हरेज ही तीन लक्षणं जगातल्या कोणत्याही डिझेल रोगाला लागू पडतात, हे त्यांतल्या एकालाही सुचत नाही, किंवा सुचलं तरी बोलायची पद्धत नाही.

पंपावरच सगळ्यांचा डोळा का, हेही समजण्यासारखं आहे. एअर फिल्टर म्हणजे धूळ. तो साफ करण्यात कसली विद्या? पंपाला मात्र मान आहे. देशातले बहुतेक पंप वर्षानुवर्षं मायको कंपनीचे असायचे. १९५१ साली निघालेल्या बंगळूरच्या या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तिचा नाशिकचा कारखाना नोझल आणि इंजेक्टर बनवतो, तरी आमच्या मिस्त्रीच्या तोंडी पंप अजून मायकोचाच आहे. असा मानाचा पंप इंजिनाला तीन नटांवर बसलेला असतो, आणि त्याच्या फ्लँजची भोकं गोल नसतात, लांबट असतात. कंपनीने मुद्दाम ठेवलेली ही फट आपल्या लोकांना दिसली, तिथेच घात झाला. फट आहे म्हणजे हलतं, आणि हलतं म्हणजे हलवून बघायलाच पाहिजे.

आता हलवल्याने होतं काय, तेवढं सांगतो. डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन वर येताना हवा साधारण अठराव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबतो, ती ५०० अंश सेल्सियसच्या पुढे तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेल फवारतं. ते आपोआप पेटतं. पण फवारल्या क्षणी पेटत नाही, मधे जरा वेळ जातो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचायच्या काही अंश आधीच फवारा सुरू करावा लागतो. किती अंश आधी, यालाच टाइमिंग म्हणतात. फार लवकर फवारलं तर हवा पुरती तापलेली नसते. थंड तेलात टाकलेली मोहरी जशी आधी गप्प पडून राहते आणि मग सगळी एकदम तडतडून तोंडावर उडते, तसं ते डिझेल साचतं आणि एकदम भडकतं. इंजिन खडखडायला लागतं, पिस्टनला आणि हेड गॅस्केटला मार बसतो. फार उशिरा फवारलं तर पिस्टन खाली निघालेला असतो, निम्मी ताकद सायलेन्सरमधून जाते, सकाळी गाडी पांढरा धूर सोडते आणि इंजिन तापतं.

मिनिटाला दोन हजार फेरे मारणाऱ्या इंजिनात एक अंश म्हणजे सेकंदाचा १२ हजारावा भाग. पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे पंप एक अंश वळवला की इंजिनावर दोन अंशांचा फरक पडतो. आणि फ्लँजच्या कडेला हा एक अंश मोजायला गेलात तर जेमतेम एक मिलिमीटर भरतो. म्हणजे सगळा खेळ एक-दोन मिलिमीटरचा. त्यासाठी आमच्याकडे जरासा, कणभर, नखभर, केसभर आणि 'लई नको, पण घ्या' अशी पाच मापं प्रचलित आहेत. यातलं कोणतं कोणापेक्षा मोठं यावर एकमत नाही.

पुढे घ्यायचं म्हणजे कोणत्या बाजूला वळवायचं, यावरही नाही. खरं तर नियम सरळ आहे. पंपाचा शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने पंपाचं अंग वळवलं की टाइमिंग पुढे जातं. पण गॅरेजात 'इंजिनाकडे' आणि 'चेसीकडे' असे दोन पक्ष पडतात. आबा जन्मभर 'इंजिनाकडे' या पक्षात आहेत. शाफ्ट कुठल्या बाजूला फिरतो हे त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आपली गाडी पुढं जाती का मागं? मग!"

एकदा असाच एक पिकअप आला होता. त्या दिवशी मिस्त्रीने पंपाच्या फ्लँजवरचा चिकटा डिझेलने धुऊन काढला आणि सगळे वाकून बघू लागले. पंप सोडायच्या आधी फ्लँज आणि टाइमिंग कव्हर या दोन्हींवर मिळून छिन्नीने एक रेघ मारायची असते, म्हणजे परत बसवताना तो जागच्या जागी बसतो. उत्तम पद्धत आहे. फक्त इथे रेघा तीन होत्या. एक बारीक आणि सरळ, एक जाड आणि तिरकी, आणि एक अशी की मारताना छिन्नी दोनदा घसरलेली. इथून जवळच नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षं होऊन गेली तरी त्यातला मजकूर विद्वानांनी लावला. या फ्लँजवरच्या तीन रेघांपैकी कोणती रेघ कोणत्या राजवटीतली, हे मात्र कोणाला सांगता येईना. मालक म्हणाला, "आपण कधी हातच लावला नाही." आधीचा मालक फोनवर म्हणाला, "मी कधीच नाही." मिस्त्रीने जाड रेघेकडे नीट बघितलं आणि विषय बदलला.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. गिअरवर चालणाऱ्या पंपाचं टाइमिंग आपण होऊन रातोरात सरकत नाही. दाते दात्यात अडकलेले असतात, नट घट्ट असतात. चेन किंवा बेल्ट झिजून थोडा फरक पडतो, नट ढिले राहिले तर पडतो, पण बाकी सगळ्या वेळी ते कोणीतरी हलवलेलं असतं. पिकअप काल नीट चालत होता, रात्रभर अंगणात उभा होता आणि सकाळी धूर मारायला लागला, तर पंप रात्री उठून स्वतःला फिरवून घेणार आहे का? तरी रोग दिसला की संशयित पहिला तोच.

मिस्त्रीने सतराचा पाना घेतला, नोझलचे पाइप ढिले केले आणि मग तेराच्या पान्याने नट सैल केले. तेवढ्यात भाच्याने एक शोध लावला. चारही नोझलचे पाइप सारख्याच लांबीचे आहेत, आणि पंपाजवळच्या नोझलच्या पाइपाला उगाचच वळसे घातलेत. "मिस्त्री, हा आखूड करून टाका ना, डिझेल वाचंल." पाइप सारख्या लांबीचे ठेवतात ते चारही सिलिंडरांना डिझेल सारख्याच वेळेला पोचावं म्हणून. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "तू चहा सांग." गॅरेजात एवढी अचूक दुरुस्ती मी दुसरी पाहिली नाही.

मग पाइप परत आवळले, गाडी चालू केली आणि चालू इंजिनावर नट किंचित ढिले ठेवून पंप हाताने वळवायला सुरुवात झाली. मिस्त्रीने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. इथून थोड्याच अंतरावर खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत, आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांचं कुजबुजणं त्या टिपतात. पेट्रोल गाड्यांच्या ठिणगीने असल्या दुर्बिणींच्या कामात खरखर येते. डिझेलला ठिणगीच नसते, त्यामुळे तेवढी तरी तक्रार आमच्या पिकअपबद्दल खोडदहून येणार नाही. पण दुर्बिणीच्या तीस कानांना जे ऐकू येत नाही ते आमच्या मिस्त्रीच्या एका कानाला ऐकू येतं, असं इथलं लोकमत आहे. त्याने डोळे मिटले की पंक्चरवाला कॉम्प्रेसर बंद करतो.

कानाला नावं ठेवायची नाहीत. चांगल्या मिस्त्रीचा कान खरंच तयार असतो. एकेका नोझलचा पाइप ढिला करून कोणता सिलिंडर काम करत नाही हे तो अचूक सांगतो, कारण जो कट केल्यावर आवाज बदलत नाही तो मेलेला. पण दोन अंश पुढे की तीन, हे कानाने सांगणं वेगळं. त्यातून आपल्या कानाला खोड अशी, की टाइमिंग जरा पुढे गेलं की इंजिनाचा आवाज करकरीत होतो, आणि करकरीत आवाज म्हणजे ताकद, असं सगळ्यांना वाटतं. मिस्त्रीने पंप वळवला. टकटक सुरू झाली. "आता कसा बोलतोय!" आबा म्हणाले. तो बोलत नव्हता, विव्हळत होता, पण बहुमत झालं होतं.

काळा धूर मात्र तेवढाच राहिला. मग गुरुजींनी डिझेलचा स्क्रू सुचवला. पंपाला जास्तीत जास्त डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा एक स्क्रू असतो आणि कंपनी त्याला सील करून देते. या पंपाचं सील कधीच इतिहासजमा झालेलं होतं. ते सील पीयूसीवाल्यांसाठी असतं, आपल्यासाठी नसतं, असा आमच्या भागात समज आहे. धूर आधीच डिझेल पुरतं जळत नाही म्हणून येतोय, त्यावर डिझेल आणखी वाढवायचं, हा उपाय गुरुजींनी इतक्या गंभीरपणे सांगितला की शाळेतल्या पोरांची काळजी वाटली. मिस्त्रीने तो ऐकला नाही, हे त्याचे उपकार.

मोजायच्या यंत्रावर अविश्वास ही डिझेलच्या घराण्यातली जुनी गोष्ट आहे, असं आपलं मला वाटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९३ मध्ये आउग्सबुर्गला आपलं पहिलं इंजिन चाचणीला घेतलं, तेव्हा इंधन पेटलं आणि सिलिंडरचा दाब मोजायला लावलेलं उपकरणच फुटून उडालं. चालण्याजोगं इंजिन व्हायला १८९७ साल उजाडलं. तेही दाबलेल्या हवेने इंधन आत फुंकायचं, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. आटोपशीर इंजेक्शन पंप बॉशने १९२७ पासून मोठ्या संख्येने बनवायला घेतले आणि मग डिझेल मालट्रकांत सर्रास रुळलं. डिझेलसाहेब मात्र ते बघायला नव्हते. १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले. त्यांना पंप जरासा पुढे घ्या म्हणणारं कोणी भेटलं नाही, एवढं त्यांचं नशीब.

आता चढाला दम बघायचा, तर गाडीत माल हवा. टोमॅटो भरून माळशेज घाटाने पिकअप कल्याणकडे उतरतो आणि परत चढतो तो रिकामा, त्यामुळे घाटातली परीक्षा नेहमी सोप्या पेपरची. मालकाने उपाय काढला. टोमॅटोची क्रेट वीस किलोची. क्रेट नसतील तर माणसं. सगळ्या सल्लागारांना मागे हौद्यात बसवलं. (हे कायद्यात बसत नाही. हौद्यातही नीट बसलं नाही.) आबा केबिनमध्ये बसले, कारण ते अनुभवी. ओढ्यापलीकडच्या चढाला गाडी लागली आणि मागे बसलेल्या प्रत्येकाला आपण दिलेला सल्ला नाकातोंडातून मिळाला. परत आले तेव्हा गुरुजींचा पांढरा सदरा पार काळा झाला होता.

एअर फिल्टर उघडला तो पंक्चरवाल्याने, आणि तोही सहज, बसायला डबा हवा म्हणून. आत उंदराने घर केलं होतं. बाजार समितीत मिळालेल्या हिशेबपट्ट्या डॅशबोर्डच्या खणात होत्या, त्या कुरतडून त्याने मऊ गादी केली होती आणि हवा जायच्या वाटेवर ती नीट पसरली होती. एका तुकड्यावर मागच्या हंगामातला टोमॅटोचा भाव अजून वाचता येत होता. तो वाचून मालक धूर विसरला. "काय भाव होता राव," एवढंच म्हणाला. उंदराची गादी काढली, फिल्टर बदलला, गाडी चालू केली. काळा धूर गेला. टकटक मात्र आता स्वच्छ ऐकू येत होती, कारण ती आपण घातलेली होती.

तेव्हा कुठे मिस्त्रीने कपाटातून एक लाकडी पेटी काढली. आत डायल गेज. काचेवर हळदीकुंकवाचे डाग होते. दर खंडेनवमीला याची पूजा होते, पुढचं वर्षभर विश्रांती. मग मात्र काम बघण्यासारखं झालं. पंपाच्या मागच्या बाजूचा मधला बोल्ट काढून तिथे गेज बसवलं. इंजिन हाताने उलटं फिरवत नेलं, काटा खाली येऊन थांबला तिथे शून्य लावलं, मग सुलट फिरवत पहिला सिलिंडर टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर असल्याच्या, खुणेवर आणला. त्या जागी पंपाचा प्लंजर किती वर उचलला गेला पाहिजे ते त्या इंजिनाच्या पुस्तकात मिलिमीटरच्या शतांशात दिलेलं असतं. पंप वळवला, काटा हवा त्या आकड्यावर आला, नट आवळले, इंजिन पुन्हा दोन फेरे फिरवून आकडा परत तपासला. कोणी बोललं नाही. आकडा समोर असला की बोलण्यासारखं काही उरत नाही, आणि गेज कपाटात ठेवण्याचं खरं कारण मला तेवढ्यात कळलं. फ्लँज बघितला तर पंप त्या बारीक, सरळ रेघेपाशी येऊन थांबला होता.

"मी तेच म्हणत होतो," आबा म्हणाले.

मिस्त्रीवर राग धरू नका. गेज लावायला वेळ लागतो, त्याचे पैसे मागितले की मालक म्हणतो, "नुसतं बघायचे पैसे?" पंप वळवला की काम झाल्यासारखं दिसतं. पंप रूमला पाठवला तरी तोच गैरसमज. तिथे पंप टेबलावर चढवून प्रत्येक नोझलला डिझेल सारखं जातं की नाही ते काचेच्या नळ्यांत मोजतात. ते काम वेगळं. इंजिनावर टाइमिंग लावायचं काम पंप परत बसवताना गॅरेजातच करायचं राहतं, आणि दोन्हींकडचे लोक ते दुसऱ्याने केलं असेल असं धरून चालतात.

नव्या पिकअपवाल्यांची या सगळ्यातून सुटका झालीय. बीएस-६ सक्तीचं झाल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर निघालेल्या डिझेल गाड्यांत कॉमन रेल असते. पंप फक्त दाब तयार करतो, फवारा केव्हा उडवायचा ते ईसीयू नावाचा संगणक ठरवतो, वळवायला काही ठेवलेलंच नाही. गर्दी तेवढीच जमते, पण आता ती "सेन्सर गेला असेल" म्हणते आणि स्कॅनरची वाट बघते.

जुना पिकअप असलेल्यांनी मात्र ऐकावं. धूर आला की आधी एअर फिल्टर उघडा, मग डिझेल फिल्टर, मग नळ्या, मग नोझल. चालू इंजिनावर नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका. त्या दाबाने डिझेल कातडीच्या आत शिरतं, वरून टाचणीएवढं दिसतं आणि आतून बोट गमवायची वेळ आणतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी तडक मोठं हॉस्पिटल गाठा. पंपाचे नट सोडायचेच असले तर डायल गेज वापरणाऱ्या मिस्त्रीकडे जा, त्याचे पैसे कुरकुर न करता द्या, आणि जाताना एकटे जा.